ओळ सुचते, कविता होत नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात असताना तुम्ही वह्या भरभरून कविता लिहिल्या. आता बँकेत काउंटरवर नोकरी आहे, घरी दोन वर्षांचा मुलगा आहे आणि गेल्या काही वर्षांत एकही कविता पूर्ण झालेली नाही. अधूनमधून एखादी ओळ सुचते आणि तिथेच राहते. त्यातली एक तुम्ही दिलीही आहे: ‘काउंटरच्या काचेवरचं माझं नाव मला उलटं दिसतं.’ यावरून तुम्ही विचारता की प्रेरणा आटली का, नोकरी सोडून काही महिने हिंडून यावं का, आणि आपलं आयुष्य तसं सुखाचं असताना मोठ्या कवींकडे होतं ते दुःख आणायचं कुठून. जाता जाता संग्रह काढण्याबद्दलही विचारलंत.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. प्रेरणा आटलेल्या माणसाला ओळीच सुचत नाहीत. तुम्हाला त्या सुचतात, म्हणजे उगम जिवंत आहे. अडलंय ते पहिल्या ओळीच्या पुढे. विशीत एका बैठकीत, एका उमाळ्यात कविता पूर्ण व्हायची, म्हणून आजही ती तशीच पूर्ण होऊन यावी अशी तुमची अपेक्षा आहे. तसं झालं नाही की तुम्ही ओळ सोडून देता. माझा अनुभव असा की प्रेरणेचा मोठा हिस्सा पहिल्या ओळीनंतर, काम करता करता हाती लागतो. ती सगळी आधीच मिळेल म्हणून थांबलेला माणूस थांबूनच राहतो.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. मराठवाड्यातल्या शेतांच्या हद्दी मोजण्यात नोकरी गेली आणि कविता त्याच काळात, त्याच रस्त्यांवर झाली. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे. गझल लिहिणारा किंवा निव्वळ मुक्तछंदात रमलेला कवी यातल्या काही गोष्टींवर माझ्याशी वाद घालेल, आणि तो चुकीचा असेलच असं नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. त्या तुम्हीच तपासायच्या. दोन वर्षांचं मूल घरात असताना झोप पुरी होत नसेल तर कवितेचं काही बिघडलेलं नाही, तुम्ही दमलेल्या आहात. पहाटे उठून लिहा, असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. ज्या घरात लहान मूल आहे तिथली पहाट मुलाच्या मालकीची असते, तेव्हा तो सल्ला तूर्त बाजूला ठेवा. दुसरं, कवितेबरोबर जेवण, माणसं, गाणं, कशातच गोडी वाटेनाशी झाली असेल आणि ते बरेच दिवस चाललं असेल, तर हा प्रश्न कवीला विचारायचा नाही, डॉक्टरांना विचारायचा. तिसरं म्हणजे काहींच्या बाबतीत कविता ही त्या वयाची गरज असते, वय सरलं की ती जाते. त्यात कमीपणा काही नाही. पण तुम्ही त्यातल्या वाटत नाही. तसं असतं तर काचेवरच्या नावाची ओळ तुम्ही टिपून ठेवली नसती.

आता नोकरी. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला कनौजच्या प्रतिहार दरबारात राजशेखर नावाचा कवी आणि काव्यशास्त्रकार होता. त्याच्या पणजोबांना, अकालजलदांना, तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो, तेव्हा आपलं थोडं नातंही लागतं. ‘काव्यमीमांसे’त त्याने लिहिण्याच्या वेळेवरून कवींचे चार प्रकार केले आहेत. पहिला गुहेत किंवा तळघरात बसून लिहिणारा, ज्याला ऊन दिसत नाही, तो असूर्यंपश्य. दुसरा लिहायची ओढ लागली की बैठक मारणारा, निषण्ण. तिसरा चाकरी वगैरे सांभाळून, तिच्या आड न येता लिहिणारा, दत्तावसर. चौथा प्रसंग समोर ठेवून लिहिणारा, प्रायोजनिक. हजार-अकराशे वर्षांपूर्वी ‘नोकरी सांभाळून लिहिणारा कवी’ हा स्वतंत्र प्रकार मान्य झालेला होता, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पहिल्या दोघांना सगळा काळ मोकळा, तिसऱ्याला थोडाच, एवढाच फरक तो सांगतो. तिसऱ्याची कविता हलकी, असं तिथे तो म्हणत नाही.

आणि मराठीत बघायला गेलं तर जवळपास सगळी आधुनिक कविता या तिसऱ्या घरातली आहे. केशवसुत शाळामास्तर होते. 1905 साली हुबळीला प्लेगने गेले तेव्हा चाळिशीही उलटलेली नव्हती. त्यांच्या उपलब्ध कविता दीडशेच्या आतच आहेत आणि त्या साधारण वीस वर्षांत लिहिल्या गेल्या. हिशोब केला तर महिन्याला एकसुद्धा पडत नाही. तेवढ्यावर मराठी कवितेचा रस्ता बदलला. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते. आरती प्रभूंनी कुडाळला खानावळ चालवली. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेले कलादिग्दर्शक होते. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले आणि पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक. महानोरांची पळसखेड्याची शेती होती, आणि शेती ही बँकेपेक्षा जास्त वेळ खाणारी नोकरी आहे हे मी बांधाबांधावर उभं राहून पाहिलंय.

नोकरी कवितेला उपकारक असते, असं मात्र मी म्हणणार नाही. ती वेळ खाते, डोकं शिणवते, आणि काही नोकऱ्या माणसाचा स्वभावच बोथट करतात. पण एक गोष्ट ती फुकट देते: घरात बसून कधी कानावर पडल्या नसत्या अशा शब्दांचा आणि माणसांचा साठा. मला पोटहिस्सा, फाळणी, हद्द कायम, लगतचे खातेदार, जबाब हे शब्द मिळाले. तुमच्याकडे टोकन, पासबुक, वारस नोंद, सहीतली तफावत, बंद पडलेलं खातं हे आहे. ‘सही जुळत नाही’ हे वाक्य तुम्ही आठवड्यातून किती वेळा बोलत असाल! थरथरत्या हाताच्या पेन्शनरला ते सांगताना काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. मला ते कल्पनेनेच लिहावं लागेल आणि कोणाच्याही ते लक्षात येईल.

हिंडून येण्याबद्दल थोडक्यात. जमलं तर जरूर जा, विश्रांती मिळेल. कवितेसाठी म्हणून जात असाल तर भरवसा ठेवू नका. कोलटकरांच्या अखेरच्या काळातल्या इंग्रजी कवितांचं एक आख्खं पुस्तक मुंबईत काळा घोडा भागातल्या एका रेस्टॉरंटच्या खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावर उभं आहे. ते वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन बसत. नव्या जागी पहिले आठ दिवस आपल्याला तेच दिसतं, जे सगळ्या प्रवाशांना दिसतं. त्याच्या पुढे बघायचं तर तिथे राहावं लागतं.

दुःखाचा प्रश्न मोठा आहे, त्यावर थांबायला हवं. दुःखातून कविता येते ही समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि तिला पुरावे भरपूर दिसतात. पण पुरावे नीट वाचले तर ते वेगळंच सांगतात. सर्वांत मोठा पुरावा तुकोबांचा. त्यांचं काम सोपं आहे, कारण स्वतःच्या आयुष्याचा क्रम त्यांनी एका अभंगात स्वतः लिहून ठेवलाय. ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ असा तो सुरू होतो. त्यात दुष्काळ आहे, 1630 च्या सुमाराचा, ज्याने हा सगळा मुलूख उजाड केला. ‘दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली’ ही ओळ मला आजही मोठ्याने वाचता येत नाही. आता पुढे लगेच ‘आणि मग मला कविता सुचली’ असं यायला हवं ना? येत नाही. पुढे येतं की धंद्यात तूट आली, लाज वाटली. मग गावातलं देऊळ मोडकळीला आलं होतं ते नीट करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन करू लागले, आणि तिथे प्रामाणिकपणे सांगतात की ‘नव्हते अभ्यासी चित्त आधी’. मग ‘काही पाठ केली संतांची उत्तरे’. मग दुसरे गात तेव्हा मागे उभं राहून ध्रुपद धरलं. मधे आणखी काही गोष्टी येतात. आणि त्यानंतर कुठे ‘यावरी या जाली कवित्वाची स्फूर्ती’.

‘यावरी’ म्हणजे या सगळ्यानंतर. दुष्काळ आणि स्फूर्ती यांच्यामध्ये एक मोडकं देऊळ, पाठांतर आणि दुसऱ्याच्या मागे उभं राहून गाणं आहे. दुष्काळ लाखोंवर आला होता. घरातलं माणूस अन्नावाचून गेलेली कुटुंबं गावोगाव होती. त्यातून कवी झाला तो एक, ज्याने नामदेव-ज्ञानदेवांची वाणी तोंडात घोळवून ठेवली होती. दुःखाने त्यांना बोलायला भाग पाडलं असेल, पण ज्या भाषेत ते बोलले ती आधी कमावलेली होती. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याचे हेतू, म्हणजे काव्य कशामुळे होतं ते, सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास असे तीन सांगितले आणि तिन्ही मिळून एक हेतू मानला. त्या सूत्राचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्याच तुकोबांचा दुसरा अभंग प्रेरणेच्या बाजूने नेहमी दाखवला जातो. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले, आणि ‘सांगितले काम करावे कवित्व’. शब्द बघा, स्वप्नातही कामच सांगितलंय. पुढे शतकोटीचा आकडा येतो, नामदेवांचा त्यातला जो भाग राहिला तो तुकोबांनी पुरा करायचा. मोजणी खात्यातल्या माणसाला हा अभंग जास्तच आवडतो, यात आश्चर्य नाही.

अलीकडचं उदाहरण इंदिरा संतांचं. पती ना. मा. संत 1946 मध्ये गेले आणि त्यानंतरच्या कवितेत ती पोकळी सतत आहे, म्हणून ‘विरहाची कवयित्री’ असा शिक्का बसला. पण पती हयात असताना, 1940 सालीच दोघांचा मिळून एक संग्रह निघालेला होता. हात आधीच लिहिता होता. आणि स्वतःचा स्वतंत्र संग्रह आला तो 1951 मध्ये, दुःखाच्या पाच वर्षांनी. दुःख ताजं असताना माणूस रडतो, कागदपत्रं गोळा करतो, पोरांच्या शाळेच्या फिया भरतो. कविता उशिरा येते. तेव्हा, ताई, सुखी आहात तर सुखी राहा. दुःख यायचं तेव्हा येईलच, त्याला आमंत्रण लागत नाही. ते येईल तेव्हा तुमच्या हाताला शब्दांची सवय असली म्हणजे झालं. आणि सुखाची कविता लिहिणं किती कठीण असतं ते एकदा करून पाहा. बोरकरांनी गोव्याच्या उन्हापावसातून आयुष्यभर ते केलं.

मग दुसरी ओळ येते कुठून? इथे मी माझ्या वहीतलं एक उदाहरण देतो, कारण हे तत्त्व म्हणून सांगून कळत नाही.

एका गावी पोटहिस्सा मोजणी, म्हणजे शेताच्या वाटणीची मोजणी, होती. दोघे भाऊ, वडील वारलेले, आई हयात. आम्ही खुणा कायम करत होतो तेव्हा म्हातारीने एकच विचारलं, ‘आंबा कोणाकडं गेला?’ मी घरी येऊन ते वाक्य टिपलं. त्या रात्री त्यावर जी कविता लिहिली तिच्यात ‘जमिनीचे तुकडे झाले, नात्यांचेही तुकडे झाले, माणूस माणसाला पारखा झाला’ असं सगळं होतं. भावना खरी होती, डोळ्यांत पाणीही होतं. पण ती कविता तेव्हा महाराष्ट्रातल्या कोणत्याही कविसंमेलनात कोणीही वाचली असती. त्यात आंबा नव्हता, म्हातारी नव्हती आणि मोजणीही नव्हती. मी ती बाजूला ठेवली.

बऱ्याच काळाने ते वाक्य पुन्हा दिसलं तेव्हा मी ते अष्टाक्षरीत घालून बघितलं. अष्टाक्षरी म्हणजे चरणात आठ अक्षरं, बाकी कटकट नाही. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ हे बोटांवर मोजून बघा, आठ आणि आठ. अक्षरं मोजायला लागलं की मोठे शब्द मावत नाहीत, ‘पारखा’ आणि ‘निष्ठुर’ आपोआप बाहेर पडतात. पहिल्या चार ओळी अशा झाल्या:

रेघ ओढली मधून
आंबा थोरल्याचा झाला
धाकट्याच्या वावरात
सावलीचा वाटा आला

झाडाची सावली बांधापलीकडे पडते ही गोष्ट मला रोजच्या कामात माहीत होती. त्यावरून होणारी भांडणंही मी ऐकली होती, कारण सावलीत पीक येत नाही. पण ‘झाला’ला जोड शोधताना ‘आला’ आलं, आणि काय आलं असा प्रश्न पडला, तेव्हा सावली सुचली. पुढचं कडवं म्हातारीचं होतं:

माय उभी रेघेवर
तिला विचारेना कोणी

इथे ‘कोणी’ला यमक हवं होतं, आणि पहिलं जे आलं ते अर्थातच ‘डोळ्यांमधलं ते पाणी’. आठ अक्षरं बरोबर बसत होती. मला ती ओळ आवडलीही. दुसऱ्या दिवशी मोजणीला निघालो तेव्हा एसटीत ती परत म्हटली आणि तिचा कंटाळा आला. मराठी कवितेत म्हाताऱ्या आयांच्या डोळ्यांत आधीच इतकं पाणी आहे की आणखी घालायची गरज नव्हती. पण ‘पाणी’ हा शब्द सोडवेना. मग लक्षात आलं की कोरडवाहू रानात आंब्याचं झाड उगाच मोठं होत नाही. पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात कोणीतरी त्याला पाणी वाहून घातलेलं असतं. तेव्हा हे झालं:

कोण्या गटात मोजावं
तिनं घातलेलं पाणी

ही ओळ मला मोजणीच्या दिवशी सुचलेली नाही. म्हातारीचं वाक्य ऐकलं तेव्हा तिने झाडाला पाणी घातलं असेल हा विचारही डोक्यात नव्हता. ती ओळ यमकाने शोधायला लावली, एसटीतल्या कंटाळ्याने पहिली चाल मोडली आणि कोरडवाहू शेतीबद्दलच्या माहितीने ती पुरवली. लोक मला विचारतात की ही कविता कशी सुचली. मी म्हणतो, सुचला फक्त आंबा.

छंद हा जुनाट प्रकार वाटत असेल तर तो कायमचा स्वीकारा असं माझं म्हणणं नाही. अडलेल्या माणसाला मात्र मी हमखास तोच सुचवतो. मोजण्यात मनाचा वरचा थर गुंतून राहतो, आणि एरवी जो ‘मला किती वाटतंय’ सांगायला उतावीळ असतो त्याला काम लागतं. मग खालून दुसरं काहीतरी वर येतं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी शेतात आणि घरोटावर, म्हणजे जात्यावर, हात चालू असताना झाली. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ती टिपली आणि त्या गेल्यानंतर 1952 मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने छापली गेली. हाताची लय, ओवीचा घाट आणि कामाच्या जागेवर समोर असलेली वस्तू, एवढ्या भांडवलावर ती कविता उभी राहिली. तवा, विहिरीची मोट, पिकातलं ढोर. स्फूर्तीसाठी त्या कुठे गेल्या नाहीत. जायला सवडही नव्हती.

आता तुमची ओळ घेऊ. ‘काउंटरच्या काचेवरचं माझं नाव मला उलटं दिसतं.’ थोडी चाळली तर ती अष्टाक्षरीतच बसते: ‘माझं नाव काचेवर / मला उलट दिसतं.’ आठ, आठ. आता ‘दिसतं’ला जोड शोधा. हसतं, बसतं, नसतं, पुसतं. प्रत्येक शब्द तुम्हाला वेगळ्या ठिकाणी नेईल. ‘बसतं’ म्हटलं की समोरच्या बाकावर कोण बसतं याकडे जाल. ‘पुसतं’ म्हटलं की ती काच कोण पुसतं इकडे. रोज सकाळी तुमच्या आधी येऊन ती पुसणारं कोणीतरी असेलच. तिला ते नाव सुलट दिसतं. तिला वाचता येतं का? तिचं खातं कुठल्या शाखेत आहे? यातलं काहीच कामाचं निघणार नाही असंही होईल. पण तुमच्या मूळ ओळीत फक्त तुम्ही होतात, आणि यमक शोधता शोधता काचेच्या पलीकडे दुसरं माणूस उभं राहिलं. माझ्या अनुभवात कविता बहुतेक वेळा त्या दुसऱ्या माणसापाशी सुरू होते.

पुढची ओळ मी सांगणार नाही, ती माझी होईल.

वेळेचं म्हणाल तर पुन्हा राजशेखर. त्याने कवीचा दिवस चार प्रहरांत वाटून दिलाय. पहिला प्रहर अभ्यासाचा, दुसरा रचनेचा, जेवणानंतर तिसरा काव्यगोष्टीचा आणि चौथा सकाळी लिहिलेलं तपासण्याचा. तपासायचं का, याचं कारणही देतो: रसाच्या आवेशात लिहिताना पारखणारी नजर जागी नसते. असा अख्खा दिवस तुम्हाला मिळणार नाही, मलाही कधी मिळाला नाही. पण प्रहर एका दिवसात यायला हवेत असं कुठे आहे? अभ्यासाचा प्रहर लोकलमध्ये किंवा स्वयंपाक करताना होतो. जुनी-नवी कविता तोंडपाठ करा, तुकोबांनी केली तशी, कारण पाठ असलेल्या कवितेला पुस्तक धरायला हात मोकळे लागत नाहीत. रचनेचा प्रहर पंधरा मिनिटांचा असला तरी चालतो, जर ओळ आधीच डोक्यात फिरत असेल तर. चौथा प्रहर आठवड्याने येऊ द्या, महिन्याने येऊ द्या. तो आला पाहिजे, एवढंच.

आणि हा चौथा प्रहर हल्ली व्हॉट्सॲपने खाल्लाय. ओळ सुचली की पाच मिनिटांत ती स्टेटसला लागते, दहा मिनिटांत वीस अंगठे आणि चार बदाम येतात, आणि ओळीचं काम संपतं. कवितेला जो अस्वस्थपणा पुढे ढकलत नेतो तो तेवढ्याने शमतो. माझ्या ओळखीतली चांगली लिहिणारी काही तरुण मुलं मी अशी ओळींवर अडकलेली पाहिली आहेत. दाद वाईट नसते, लवकर आलेली दाद वाईट असते. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुमच्या ओळी मैत्रिणींच्या ग्रुपवर जातात आणि त्यांना आवडतात. तेवढं एक थांबवून बघा. ओळ वहीत ठेवा, कोणाला दाखवू नका, तिला जरा भूक लागू द्या.

दुसऱ्याची नजर लागतेच, पण ती बदाम देणाऱ्याची नको. एके काळी ‘सत्यकथा’चे संपादक लेखकाला सविस्तर पत्रं लिहून कुठे अडलंय ते कळवत, पुन्हा लिहायला लावत. ते मासिक 1982 मध्ये बंद पडलं आणि त्या प्रकारचं संपादन आता क्वचित भेटतं. तुमच्या गावात किंवा शाखेत कवितेतलं कळणारं, आणि तुम्हाला वाईट वाटेल याची फार फिकीर न करणारं एक माणूस शोधा. एकच पुरे. माझ्याकडे आमच्या कार्यालयातले एक अव्वल कारकून होते, स्वतः कधी ओळ लिहिली नाही, पण खोटा शब्द त्यांना कागद लांबून बघूनही कळायचा.

सगळं पुन्हा एकदा सांगायचं तर: नोकरी सोडू नका, दुःख शोधू नका, आलेली ओळ अष्टाक्षरीत घालून तिला यमकाने प्रश्न विचारा, आणि चौथ्या प्रहराआधी कोणाला दाखवू नका. मूल लहान आहे तोवर वर्षाला चार कविता झाल्या तरी केशवसुतांच्या हिशोबात तुम्ही फार मागे नाही.

संग्रहाचं उत्तर सोपं आहे. आत्ता नको. कॉलेजातल्या वह्यांमधून संग्रह निघेल, पण तो तुम्ही बावीस वर्षांच्या असतानाचा असेल आणि तुम्हालाच तो लोकांच्या हातात द्यायला अवघड वाटेल. शिवाय पदरचे पैसे घालून काढलेल्या संग्रहाच्या प्रती पलंगाखाली कशा राहतात ते मला विचारा, पावसाळ्यात वाळवी लागते. आधी नव्या कविता होऊ द्या. पाच-सहा झाल्या की दिवाळी अंकांना आणि कवितेच्या नियतकालिकांना पाठवा, साधारण मे-जूनमध्ये, कारण दिवाळी अंकांची जुळवाजुळव तेव्हाच सुरू होते. एका ठिकाणी पाठवलेली कविता उत्तर येईपर्यंत दुसरीकडे पाठवू नका. उत्तर नाही आलं तर तीनेक महिन्यांनी एक आठवण करा, आणि मग खुशाल दुसरा अंक बघा.